शीवेपासून ठाण्यापर्यंत

मुंबईच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला काही काळे दगड अजून उभे आहेत. उभे म्हणण्यापेक्षा रुतलेले म्हणावे हेच बरे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, पदपथ उंचावले, आणि हे दगड कमरेपर्यंत, कुठे गळ्यापर्यंत जमिनीत गेले. कुणी त्यांच्यावर चहाचा ग्लास ठेवतो, कुणी सायकल टेकवतो. जवळ जाऊन धूळ पुसली, तर एक रोमन आकडा दिसतो आणि त्याच्याबरोबर, सेंट टॉमस चर्चपासून इतके मैल, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. हे मुंबई शहराचे मैलाचे दगड. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतले काही उकरून काढले, स्वच्छ केले आणि पुन्हा उजेडात आणले, हे चांगले झाले.

चर्चपासूनच मैल का मोजावयाचे, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. मुंबई शहर म्हणजे तेव्हा कोट, आणि कोटाचा मध्य म्हणजे हे प्रार्थनामंदिर. ते १७१८ च्या नाताळात उघडले गेले. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. पुढे १८६० नंतरच्या काही वर्षांत कोटाच्या भिंती पाडल्या, दरवाजा गेला. पण त्याचे नाव आगगाडीच्या स्थानकाला चिकटून राहिले. दगडांवर 'चर्च' असा शब्द आहे, 'कथीड्रल' असा नाही. या चर्चला कथीड्रलचा मान मिळाला तो १८३७ साली. तेव्हा हे दगड त्याच्या आधीचे असावेत असा तर्क अभ्यासक करतात, आणि तो पटण्यासारखा आहे.

दगडाची एवढी चौकशी करण्याचे कारण असे, की रस्त्यावरची प्रत्येक खूण कुणाला तरी उद्देशून केलेली असते. तिच्यावर काय लिहिले आहे ते आपण वाचतो. पण ती कुणासाठी लिहिली आहे, कोणत्या उंचीवर, कोणत्या लिपीत, किती मोठ्या अक्षरांत, हे सहसा पाहत नाही. ते पाहिले म्हणजे त्या त्या काळी रस्ता कुणाचा समजला जात होता हे उमगते. मुंबईच्या उंबरठ्यावरचा शीव ते ठाणे हा रस्ता घेऊन ही गोष्ट सांगावी असा विचार आहे.

शीव

या रस्त्यावरची सर्वांत जुनी पाटी म्हणजे एक गावाचे नाव. 'शीव' म्हणजे सीमा, गावाची हद्द. इंग्रजी लिपीतले 'सायन' वाचून एखाद्याला जेरुसलेमची टेकडी आठवेल. पण मराठी माणसाला 'शीव' या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. आणि ही हद्द नुसत्या नावाची नव्हती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रजांकडे आली तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत शिवेच्या टेकडीवर किल्ला बांधला गेला, तो याच सरहद्दीवर नजर ठेवण्यासाठी. पुढे १७३७ च्या मोहिमेत ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि त्यानंतर पस्तीसएक वर्षे शिवेच्या खाडीच्या एका काठावर इंग्रजांचा अंमल तर दुसऱ्या काठावर पेशव्यांचा, असा प्रकार होता. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

दोन्ही काठ एकाच राज्यात आल्यावर खाडी ही सरहद्द राहिली नाही, नुसती अडचण उरली. भाजी, भात, गवत, जळाऊ लाकूड हे सारे मुंबईला साष्टीतूनच यायचे. तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये भर टाकून रस्ता बांधण्याचे काम निघाले. मे १७९८ मध्ये सुरू झालेले हे काम जानेवारी १८०५ मध्ये पुरे झाले. खर्च आला ५०,५७५ रुपये. १८२६ साली एल्फिन्स्टनच्या अमदानीत त्याची रुंदी दुप्पट केली, त्याला आणखी ४०,००० रुपये लागले. ही सगळी जमाखर्चाची हकिकत तिथल्या शिलालेखात कोरून ठेवलेली होती. आज लाखो-कोटींची कामे होतात आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर पाहुण्यांची नावे तेवढी ओळीने लिहिलेली असतात. काम किती दिवस चालले आणि किती पैसे लागले हे लोकांना दगडावर लिहून सांगण्याची ती जुनी रीत वाईट नव्हती.

पश्चिमेकडच्या माहीमच्या पुलाची कथा याहून निराळी आहे. तिथे माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडताना नावा उलटत, माणसे बुडत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्या कामासाठी १,५७,००० रुपये दिले आणि अट अशी घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पट्टी म्हणून एक पैसाही घ्यावयाचा नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला आणि त्याला बाईंचेच नाव मिळाले. रस्त्यावरून जाणाऱ्याने पैसे द्यावेत की नाही हा वाद मुंबईत किती जुना आहे, हे यावरून दिसेल. पुढे त्याची गाठ पुन्हा पडणारच आहे.

आग्रा रोड

शिवेचा बांध ओलांडला की जुना आग्रा रोड सुरू होई. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि मग ठाणे. तिथून भिवंडी, शहापूर, कसाऱ्याचा थळ घाट, नाशिक, धुळे आणि पुढे इंदूर, ग्वाल्हेरवरून आग्रा. या वाटेने वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणातले मीठ घाटावर नेत आणि घाटावरचे धान्य खाली आणीत. त्यांना रोमन आकडा वाचता येण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांच्या खुणा वेगळ्या होत्या. अमुक वडाचा पार, तमुक विहीर, वेशीबाहेरचा मारुती, नदीचा उतार. 'चिंचेपासून दोन हाकांवर' असे सांगितले की ज्याला कळावयाचे त्याला कळे. या खुणांना सावली होती, पाणी होते. वाट सांगणारी खूण हीच विसाव्याची जागा असे.

सरकारी मैलाचा दगड या खुणांच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्याची लिपी परकी, आकडा परका. पण एक गोष्ट त्यालाही सोडता आली नाही. तो माणसाच्या गुडघ्या-कमरेच्या उंचीचा होता आणि रस्त्याच्या अगदी कडेला होता. चालणारा, घोड्यावर बसलेला किंवा बैलगाडी हाकणारा, या तिघांपैकी कुणालाही तो थांबून न्याहाळता येत असे. बैलगाडी तासाला दोन मैल जेमतेम जाते. एका दगडापासून दुसरा दगड यावयास अर्धा तास लागे. एवढ्या वेळात मधल्या वाटेवरचे प्रत्येक झाड ओळखीचे होऊन जाई. दगडाची अक्षरे कळली नाहीत तरी दगड कळत होता. आपल्याकडे लोकांनी त्याला शेंदूरही फासला, हळदकुंकूही वाहिले. त्याला हसण्याचे कारण नाही. वाटेवर इमानाने उभे राहणाऱ्याला नमस्कार करावा, एवढाच त्यातला भाव.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. अंतर एकवीस मैल. ती जुन्या आग्रा रोडची शेजारीणच होती. कुर्ला, भांडुप, ठाणे ही गावे तिनेही तशीच गाठली. लांबच्या प्रवासाची माणसे आणि माल तिने उचलले आणि रस्त्याकडे राहिली ती जवळपासची वाहतूक. पुढे १८९२ साली तानसा तलावाचे पाणी मुंबईला येऊ लागले, तेव्हा त्याच्या प्रचंड लोखंडी नळांनीही ठाण्याकडून मुंबईत शिरताना हाच पट्टा धरला. रूळ, नळ, पुढे विजेच्या तारा. शहराला जे जे लागते ते ते या एका अरुंद पट्टीतून आत येऊ लागले. मधली गावे मात्र खेडीच होती. त्यांना मुंबई दिसे ती आपल्या दारावरून जाणारी.

मोटार आली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी आल्या आणि रस्त्याशी बोलणारा माणूस बदलला. १९१४ साली मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था निघाली. पण मोटारी वाढल्या आणि रस्ते मात्र बैलगाडीचेच राहिले. लोखंडी धावांनी खडी उकरावी आणि रबरी चाकांनी तिची धूळ उडवावी, असा दुहेरी मारा सुरू झाला. रस्ता दुरुस्त करावयाचा कुणी आणि कुणाच्या पैशाने, हा मोठा प्रश्न होऊन बसला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १९२७ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कायदा, राजकारण आणि विद्या यांसाठी जयकरांचे नाव सगळ्यांना माहीत असते. पण आपल्या रस्त्यांच्या पायाशी त्यांचा अहवाल आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. लांब पल्ल्याचे रस्ते ही सगळ्या देशाची गरज आहे, त्यांचे ओझे एकट्या प्रांतावर किंवा लोकल बोर्डावर टाकून भागणार नाही, असे समितीने १९२८ साली सांगितले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ साली मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. जो रस्ता झिजवतो त्याने थोडा पैसा द्यावा, हा त्यामागचा न्याय. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली, तीही याच विचारातून. रस्त्यावरचा दगड केवढा असावा, त्याच्या माथ्याला कोणता रंग द्यावा, पाटीवरचे अक्षर किती उंच असावे, हे सगळे आजही या संस्थेच्या संहितांवरून ठरते.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, प्रांतोप्रांतीचे मुख्य इंजिनिअर नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. ती 'नागपूर योजना' म्हणूनच प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि खेड्याचे अशी रस्त्यांची उतरंड तिने लावून दिली. आज राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गाच्या दगडाचा हिरवा. ही रंगांची भाषा त्याच प्रतवारीवर उभी आहे. मोटारीतून जाणाऱ्या मुलांना एवढे सांगून ठेवावे. पिवळी टोपी दिसली की रस्ता देशाचा आणि हिरवी दिसली की राज्याचा.

याच सुमारास चित्रांच्या पाट्याही आल्या. १९३९ च्या मोटार कायद्याला एक परिशिष्टच जोडले होते, त्यात रस्त्यावरच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. त्रिकोण म्हणजे 'जपून', वर्तुळ म्हणजे 'हुकूम'. मैलाचा दगड माहिती देत असे. ही पाटी आज्ञा करू लागली. थांब, हळू चाल, इकडे वळू नकोस. हा फरक बारीक दिसतो पण मोठा आहे. मोटारीचा वेग असा, की चालवणाऱ्याला सगळे उलगडून सांगण्यास सवड नाही. पुढे जिनिव्हात १९४९ साली आणि व्हिएन्नात १९६८ साली देशोदेशींचे प्रतिनिधी जमून त्यांनी या चित्रलिपीत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे रोड्स काँग्रेसने १९७७ साली पाट्यांची स्वतंत्र संहिता काढली आणि ती वेळोवेळी सुधारली. रोमन आकडा न येणाऱ्या गाडीवानाला जे सुख मिळाले नव्हते ते अक्षरशत्रू ड्रायव्हरला या चित्रांनी दिले. वळणाचा बाण कुठल्याही भाषेत वाचता येतो.

हद्द सरकते

स्वातंत्र्यानंतर शिवेची शीव उरली नाही. १९५० साली मुंबईची हद्द या बाजूने भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ साली मुलुंडपर्यंत. ज्या पाटीपाशी शहर सुरू व्हावयाचे ती पाटी सात वर्षांत खाडीवरून उठून ठाण्याच्या वेशीला जाऊन लागली. कालपर्यंत 'मुंबईला जाऊन येतो' म्हणणारा भांडुपचा माणूस आज मुंबईतच राहू लागला. तरीही तो 'मुंबईला जातो' असेच म्हणत राहिला, आणि उपनगरातले जुने लोक अजूनही म्हणतात. पाटी हलवता येते, जिभेची सवय लवकर हलत नाही.

शहराचा हा विस्तार आधी कागदावर मांडला गेला होता. १९४८ साली मुंबई महापालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा तयार केली. वैतरणेवरच्या मोडकसागराला ज्यांचे नाव आहे तेच हे मोडक. शहरातून बाहेर पडणारे द्रुतगती रस्ते ही त्या विचारातली एक मुख्य गोष्ट होती. पुढच्या काळात पूर्वेला शीव ते ठाणे आणि पश्चिमेला माहीम ते दहिसर असे दोन द्रुतगती मार्ग झाले. पूर्वेकडचा सुमारे साडेतेवीस किलोमीटरचा आहे.

जुना आणि नवा रस्ता यांत काय अंतर पडले ते जमिनीवर उभे राहून पाहण्यासारखे आहे. जुना आग्रा रोड रुळांच्या पश्चिमेने गावागावातून जातो. प्रत्येक बाजारात अडतो, प्रत्येक देवळापाशी वाकतो. नवा रस्ता रुळांच्या पूर्वेने, मिठागरांच्या अंगाने गेला. त्याने गावे टाळली, कारण गावे टाळणे हेच त्याचे काम. जुन्या रस्त्यावर 'भांडुप आले' हे कुणी सांगावे लागत नसे. भांडुप दिसत असे. नव्या रस्त्यावर भांडुप दिसत नाही, म्हणून त्याची पाटी लावावी लागते. रस्ता गावापासून जितका दूर गेला तितकी पाटी मोठी होत गेली, असा हा हिशोब आहे.

याच काळात मैल गेले. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत देशभरच्या दगडांवर किलोमीटर आले. मैल हा दीड किलोमीटरहून थोडा मोठा. तेव्हा आकडा वाढला, वाट तेवढीच राहिली. पण लोकांनी मैल टाकले नाहीत. याच मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिकच्या पुढे 'दहावा मैल' नावाचे ठिकाण आहे. दगड गेला, माप गेले, आणि आकडा गावाचे नाव होऊन बसला.

नावेही बदलली. लालबहादूर शास्त्री १९६६ साली वारले, त्यानंतर मुंबईतल्या आग्रा रोडला त्यांचे नाव मिळाले. तिकडे वांद्र्याहून उत्तरेकडे जाणारा घोडबंदर रोड स्वामी विवेकानंद मार्ग झाला. थोर पुरुषांची स्मृती राहावी हे योग्यच आहे. परंतु जुनी नावे ही दिशा होती. आग्रा रोड म्हटले की हा रस्ता अखेर कुठे जातो ते कळे; घोडबंदर रोड म्हटले की त्याच्या टोकाला बंदर आहे हे कळे. १९९५ साली इंग्रजीतले 'बॉम्बे' आणि हिंदीतली 'बंबई' जाऊन सगळीकडे 'मुंबई' झाले. त्याआधी एकाच शहराला पाटीगणिक वेगळे नाव असे. महामार्गांचे क्रमांकही २०१० साली नव्याने लावले गेले. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा आठ क्रमांकाचा रस्ता अठ्ठेचाळीस झाला आणि गोव्याचा सतरा क्रमांकाचा रस्ता सहासष्ट झाला. कोकणातली माणसे मात्र आजही 'मुंबई-गोवा हायवे' असेच म्हणतात.

हिरवी पाटी

आता आजच्या पाटीकडे वळू. महामार्गावर दोन खांबांच्या कमानीवर, ट्रकच्याही वर टांगलेली ती मोठी हिरवी पाटी. तिच्यावर पांढरी अक्षरे, बाण आणि अंतरे. ती इतकी उंच आणि इतकी मोठी का, याचा हिशोब घरच्या घरी करता येतो. चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटरसुद्धा पुढे जात नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. पाटी वाचून समजण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात मोटार सहासष्ट मीटर पुढे गेलेली असते. मग बाजूच्या पट्टीत शिरणे, मागचे वाहन पाहणे, वेग कमी करणे. म्हणून वळण येण्याच्या शेकडो मीटर आधीपासून सांगत यावे लागते. उड्डाणपुलांनी तर ही निकड वाढवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत उड्डाणपुलांची मोठी मालिका बांधली गेली. पुलावर एकदा चढले की खालचा चौक पायाखालून निघून जातो. चुकले तर परत फिरण्यास पुढचा पूल. तेव्हा अशा रस्त्यावर पाटी हीच वाट असते.

रात्री ही पाटी कशी झळाळते हेही सांगण्यासारखे आहे. तिच्या आत दिवा नसतो. तिच्या पृष्ठावर काचेचे बारीक मणी किंवा लोलकासारखे सूक्ष्म पैलू बसवलेले असतात. त्यांचा गुण असा, की प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला तो परत फिरतो. मोटारीच्या दिव्याचा झोत पाटीवर पडतो आणि उलट पावली चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. म्हणून त्याला अक्षरे लखलखीत दिसतात. ही युक्ती फार सुंदर आहे आणि तिने किती अपघात टाळले असतील याची गणती नाही.

पण तिची दुसरी बाजू पाहा. कडेने चालणाऱ्या माणसाजवळ दिवा नसतो. त्याच्यापुरती तीच पाटी काळोखात असते. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्यांचा उजेड गाडीवाल्यावर पडे तसाच पायी जाणाऱ्यावरही पडे. आजची पाटी ज्याने आपला उजेड बरोबर आणला आहे त्याच्याशीच बोलते. यात कुणाचा दुष्टावा नाही. पाटीचे कामच ते. मात्र जिच्यावर दगड होता ती कड कुणाची होती आणि आता कुणाची आहे, एवढे यावरून दिसते.

टोलाचेही तसेच. उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर टोलनाके बसले. मुलुंडला तर जकातीचा नाका आधीपासून होताच. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात उठली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. अवाबाईंनी माहीमच्या पुलासाठी घातलेली अट पावणेदोनशे वर्षांनी निदान छोट्या मोटारींपुरती शहराच्या वेशीवर लागू झाली, असे गमतीने म्हणता येईल. आणि जकात गेली तरी 'मुलुंड चेक नाका' हे नाव काही गेले नाही.

पायी चालणाऱ्याची खूण

जुन्या आग्रा रोडवर आता घाटकोपरपासून मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. खाली बस, रिक्षा, हातगाड्या आणि माणसे. वर मेट्रोचा पूल. पलीकडे द्रुतगती मार्गावर रात्रंदिवस वाहनांचा लोंढा. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. मुलांची शाळा एकीकडे आणि घर दुसरीकडे, असे शेकडो संसार आहेत. त्यांना पलीकडे जाण्यासाठी पादचारी पूल आणि भुयारी वाटा आहेत. पण जिना चढणे म्हाताऱ्याला आणि कडेवर मूल असलेल्या बाईला किती जड जाते, हे पाटी लिहिणाऱ्याला कसे कळावे? मोटारवाल्याला पुढचे वळण अर्धा किलोमीटर आधी कळते. पायी माणसाला भुयारी वाट कुठून सुरू होते ते पुष्कळदा पानवाल्याला विचारावे लागते. म्हणजे शेवटी तो पुन्हा 'चिंचेपासून दोन हाकांवर' याच पद्धतीवर येतो. फक्त चिंच उरलेली नाही.

तरी खुणा बदलतात, आणि चांगल्याही होतात. २०२० साली दादरच्या भागातल्या काही चौकांत पायी चालणाऱ्यांसाठी असलेल्या सिग्नलांवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती आली. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होते? रस्ता ओलांडण्याची वेळ कमी-जास्त झाली नाही हे खरे. पण घागरा घातलेली ती लहानशी हिरवी आकृती पाहून एखाद्या मुलीने आईला विचारले असेल, की ही आपल्यासाठी आहे का? पाटी कुणासाठी आहे हा प्रश्न लोकांना पडू लागला की तिचे काम अर्धे झाले. सरकारने रस्ता बांधावा हे आपण मागतो. तो आपल्याशीही बोलला पाहिजे, हेही मागण्याची सवय करावी. भुयारी वाटेच्या तोंडाशी ठळक मराठी पाटी, बसच्या थांब्यावर दिवा, शाळेपुढे स्पष्ट पट्टे, या गोष्टींना उड्डाणपुलाइतके कोटी लागत नाहीत.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे आप्तांकडे जातात. ठाणे, नाशिक, कोकण, गोवा, सगळे याच वाटांनी. मुले खिडकीशी बसतात आणि अजून किती लांब आहे म्हणून विचारीत राहतात. त्यांना उत्तर देण्याऐवजी दगड मोजावयास सांगावे. पिवळा माथा कुठे संपतो आणि हिरवा कुठे लागतो, एखाद्या ठिकाणाच्या नावात मैल का लपून बसला आहे, शीव म्हणजे काय, हे सांगत जावे. आणि मुंबईतच राहणार असाल, तर जुन्या रस्त्यावरून एक दिवस पायी हिंडून यावे. एखादा काळा दगड पदपथातून डोके वर काढून बसलेला भेटेल. त्याच्यावरचा आकडा मुलांना वाचून दाखवावा. तो अजून बरोबर आहे.